एकाच नावाचे दोघे

शास्त्रभाग : एज्रा २:५९-६३, २ शमुवेल १९:३१-३९



पवित्र शास्त्रातील वंशावळीचा अध्याय आला की आपण काय करतो, हे आपल्याला ठाऊक आहे. वाचणारा भाऊ घसा खाकरतो, दोन नावे अडखळत वाचतो आणि पुढे जातो. रविवारच्या शाळेत तर तो अध्याय आपण घेतच नाही. मीही वीस वर्षे उपदेश करताना एज्राच्या दुसऱ्या अध्यायाला कधी हात लावला नव्हता. बाबेलहून परत आलेल्या लोकांची ती यादी आहे. एकंदर बेचाळीस हजार तीनशे साठ माणसे, शिवाय दासदासी, घोडे, खेचरे, उंट आणि गाढवे. त्यात उपदेश कुठे करायचा?

पण ह्या यादीच्या शेवटी काही घराणी अशी आहेत की त्यांच्यापुढे नोंद करणाऱ्याचा हात थबकला. ती माणसे म्हणत होती, आम्ही याजक आहोत. त्यांनी वंशावळीत आपली नावे शोधली, ती सापडली नाहीत. म्हणून त्यांना अशुद्ध ठरवून याजकपणातून वेगळे केले. उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत तुम्ही परमपवित्र पदार्थ खायचे नाहीत, असे अधिपतीने त्यांना सांगितले. ह्या घराण्यांपैकी एक बर्जिल्लयाचे. आणि इथे शास्त्रलेखकाने एक ओळ अधिक घातली आहे, तिच्यासाठी मी आज हा भाग निवडला. ह्या घराण्याच्या मूळपुरुषाने बर्जिल्लय गिलादी ह्याच्या मुलींपैकी एक बायको केली आणि त्याने सासऱ्याचे नाव घेतले.

म्हणजे पाहा, बर्जिल्लय दोन झाले. एक गिलादातील रोगलीमचा म्हातारा सासरा, आणि दुसरा त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागलेला याजक जावई. घराणे एकच नाव चालवत राहिले. पिढ्या गेल्या, बंदिवास आला, आणि परत येऊन जेव्हा विचारणा झाली की तुम्ही कोणत्या बर्जिल्लयाचे, तेव्हा दाखवायला कागद नव्हता. याजकांच्या यादीत गिलादी नाव कुठून सापडणार? ही माझी समजूत आहे, शास्त्र कारण सांगत नाही. पण ती अधिकची ओळ तिथे उगीच आलेली नाही असे मला वाटते.

थोरला बर्जिल्लय कोण होता हे आठवा. अबशालोमाच्या बंडात दावीद राजा यरुशलेमेतून पळाला, महनाईमास आला, तेव्हा ह्या श्रीमंत म्हाताऱ्याने आणि आणखी दोघांनी मिळून त्याच्यासाठी बिछाने, भांडी, गहू, जव, हुरडा, मसूर, मध, दही, मेंढरे असे सगळे आणले. पुढे राजा परत निघाला आणि त्याने बर्जिल्लयाला बरोबर यायला सांगितले. तो ऐंशी वर्षांचा होता. तो म्हणाला, मला आता अन्नाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही. मी तुम्हाला भार कशाला होऊ, मला माझ्या आईबापांच्या थडग्याजवळ मरू द्या. असा माणूस! त्याचे नाव एखाद्या जावयाला घ्यावेसे वाटले तर त्यात नवल नाही. मरतेसमयीही दावीदाने शलमोनाला सांगितले की बर्जिल्लयाच्या मुलांना आपल्या मेजावर जेवू घाल.

आता शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय काढा. तिथे आणखी एक बर्जिल्लय आहे, महोलाथी. त्याचा मुलगा अद्रिएल शौलाचा जावई. त्या अद्रिएलाचे पाच मुलगे दावीदानेच गिबोन्यांच्या हाती दिले आणि त्यांना डोंगरावर टांगण्यात आले. नाव तेच, काळ तोच, राजाही तोच. एका बर्जिल्लयाची मुले राजाच्या पंक्तीला बसली, दुसऱ्याचे नातू फासावर गेले. जो घाईने वाचेल तो दोघांना एक करील, आणि मग दावीद कृतघ्न ठरेल किंवा शास्त्र खोटे ठरेल. गंमत अशी की त्याच वचनात शौलाच्या मुलीच्या नावाचाही घोळ आहे. बहुतेक हिब्रू प्रतींत मीखल लिहिले आहे, काही प्राचीन प्रतींत मेरब. आणि पहिल्या शमुवेलात तर अद्रिएलाला दिली ती मेरब. बहिणीबहिणींची नावे लेखकाच्या हातून बदलली असावीत. नक्कल करणारे तेही माणसेच.

हे सगळे मी घरबसल्या का शोधत बसलो, ते सांगतो.

आम्ही मूळचे अहमदनगरकडचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. आजोबा नोकरीसाठी ग्वाल्हेरला आले आणि आम्ही लष्करातले झालो. घरात एक गोष्ट चालत आलेली होती. आमचे खापरपणजोबा १८७६ ते ७८ च्या दुष्काळात ख्रिस्ती झाले, आणि पुढे शाळामास्तर असताना शाळेच्या पैशांत हात घातला म्हणून मंडळीने त्यांना सहभागितेतून दूर केले. ही गोष्ट कोणी मोठ्याने सांगत नसे. लहानपणी मला ती एका लग्नघरात परक्या तोंडून कळली. आणि मग, प्रभू मला क्षमा करो, मी उपदेशक झाल्यावर ती वेदीवरून सांगितली. नऊ-दहा वर्षांमागची गोष्ट. संध्याकाळची उपासना होती, विषय पतन आणि अनुताप. मी म्हणालो, माझ्याच घराण्याचा मूळपुरुष असा पडला. पाहा, देवाच्या कृपेने आज त्याचा वंशज तुमच्यापुढे उभा आहे. लोकांना ते फार आवडले. मलाही आवडले.

त्या दिवशी माझी आत्या नगरहून आलेली होती व तिसऱ्या बाकावर बसली होती. रात्री जेवताना ती एवढेच म्हणाली, "अरे, ह्याच गोष्टीवरून माझे पहिले ठरलेले लग्न मोडले होते. तू ती माइकवर सांगितलीस." आणि तिने ताट पुढे सारले.

त्यानंतर मी वंशावळ काढायला घेतली. खरे सांगायचे तर ती कुणाला निर्दोष ठरवायला नव्हे, आत्येपुढे तोंड दाखवायला काहीतरी करावे म्हणून.

ज्यांना हे काम करायचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्या लोकांची जुनी नोंद त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत किंवा हेळव्यांच्या, भाटांच्या पोथ्यांत असते. पूर्वज ख्रिस्ती झाले की ती तिथे थांबते. पुढची नोंद मंडळीच्या रजिस्टरांत सुरू होते : बाप्तिस्मा, लग्न, पुरणे. ह्या दोहोंच्या मधल्या सांध्यावर पुष्कळ चुका होतात. आणि दुसरी जागा म्हणजे आपली नावे ठेवण्याची चाल. आजोबांचे नाव नातवाला ठेवायचे, आणि मधले नाव बापाचे. समजा, रामजी भिकाजी नावाचा माणूस. त्याने मुलाला आपल्या बापाचे नाव दिले, तो भिकाजी रामजी. त्याने पुन्हा आपल्या बापाचे नाव मुलाला दिले, तो झाला रामजी भिकाजी. आजोबा आणि नातू, दोघांचे नाव, बापाचे नाव, आडनाव, गाव, सगळे अक्षरशः एक. ख्रिस्ती झाल्यावरही पुष्कळांनी आपली देशी नावे ठेवली, हे चांगलेच केले. पण त्याबरोबर ही चालही राहिली.

आमच्या घरात नेमके हेच झाले होते. (नावे इथे छापत नाही. एकाला थोरले म्हणतो, दुसऱ्याला धाकटे.) बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात १८७८ साली थोरल्यांची नोंद आहे, वय अठ्ठावीस. पुढे मुलाच्या लग्नाच्या नोंदीत साक्षीदार म्हणून त्यांचा अंगठा. अंगठा! मी त्या पानापुढे बराच वेळ बसून राहिलो. ज्याला सही करता येत नव्हती तो मास्तर कसा, आणि शाळेचा हिशेब कसा लिहीत होता? मग मिनिट बुकात सहभागितेतून दूर केल्याचा ठराव शोधला. तो १९३२ चा निघाला. आणि थोरल्यांना पुरल्याची नोंद त्यांच्या मुलीच्या गावच्या रजिस्टरात सापडली, १९११ ची. आमच्या गावच्या रजिस्टरात ती नव्हती म्हणून कोणी पाहिली नव्हती. मरून एकवीस वर्षे झालेल्या माणसाला आम्ही चोर ठरवले होते. शाळामास्तर होते ते धाकटे, थोरल्यांच्या वडील मुलाचा मुलगा. १९२६ च्या लग्नाच्या नोंदीत वय तेवीस, खाली वळणदार सही. आम्ही थोरल्यांच्या धाकट्या मुलाचे वंशज. म्हणजे मास्तर आमचे मूळपुरुष तर नव्हतेच, ते आजोबांचे चुलत भाऊ.

पद्धत एवढीच की प्रत्येक नोंद वेगळ्या चिठ्ठीवर लिहावी आणि नाव जुळले म्हणून दोन चिठ्ठ्या टाचू नयेत. वय, बायकोचे नाव, गाव, साक्षीदार, सही की अंगठा, ह्यांपैकी दोन-तीन गोष्टी जुळल्याशिवाय माणूस एक धरू नये. एकच गोष्ट आड येत असेल तर थांबावे. वयाची बेरीज-वजाबाकी तर शाळेतील पोरही करील, पण आपण करत नाही, कारण गोष्ट आधीच ठरलेली असते.

आम्हा ग्वाल्हेरवाल्यांना तर हे शिकायला लांब जायला नको. इथल्या शिंदे घराण्यात जयाप्पा आणि त्यांचे पुत्र जनकोजी झाले. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला दगा होऊन मारले गेले. जनकोजी १७६१ मध्ये पानिपतावर पकडले जाऊन मारले गेले. पुढे दौलतराव १८२७ मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा बायजाबाईंनी एक मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव जनकोजीराव ठेवले. तेही १८४३ मध्ये मुलाशिवाय वारले. त्यांच्या विधवा ताराबाईंनी भागीरथराव नावाचा मुलगा दत्तक घेतला, तो झाला जयाजीराव. अशा रीतीने एकदा जयाजीचा जनकोजी, आणि ऐंशी वर्षांनी जनकोजीचा जयाजी. पूर्वजाचे नाव जिवंत ठेवावे म्हणून ही नावे दिली जात. पेशव्यांकडे दोन माधवराव झाले तेव्हा लोकांनी दुसऱ्याला सवाई म्हणून प्रश्न मिटवला. आमच्याकडे जयाजी चौक आहे, माधवरावांच्या नावाच्या संस्था आहेत, जिवाजी विद्यापीठ आहे. कोणते माधवराव म्हणून विचारले तर चौकातले चार लोक चार उत्तरे देतील.

पण ह्याहून मनाला लागणारे उदाहरण ख्रिस्ती घराण्यातले आहे. जयविलास राजवाडा १८७४ मध्ये बांधून झाला, त्याचे शिल्पकार सर मायकेल फिलोज. रोमन कॅथॉलिक घराणे, मूळ इटलीतील नेपल्सकडचे, कित्येक पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत. आता नाना फडणिसांचे चरित्र उघडा. १७९७ च्या अखेरीस पुण्यास नाना दौलतराव शिंद्यांच्या भेटीला छावणीत गेले, तेव्हा ज्याने त्यांच्या सुरक्षिततेचा शब्द दिला होता त्यानेच त्यांना कैद केले. तोही मायकेल फिलोज. मी कित्येक वर्षे दोघांना एकच समजत होतो, आणि राजवाड्यावरून जाताना मनात म्हणत असे की वचन मोडणाऱ्याच्या हातून काय सुंदर इमारत झाली! दोन तारखांमध्ये सत्त्याहत्तर वर्षे आहेत, हे माझ्या डोक्यात कधी आले नाही. वाडा बांधणारा त्या घराण्यातल्या पुढच्या पिढीचा. त्याच्या कपाळी मी पूर्वजाचा विश्वासघात लिहून मोकळा झालो होतो, केवळ नाव एक म्हणून.

शास्त्र मात्र ह्या बाबतीत किती जपून चालते पाहा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी यहूदा नावाचा शिष्य प्रभूला प्रश्न विचारतो. योहान तिथेच, वाक्याच्या मध्येच, सांगून टाकतो की हा इस्कर्योत नव्हे. तेराव्या अध्यायात इस्कर्योत घास घेऊन रात्रीत निघून गेलेला आहे. लक्ष देऊन वाचणाऱ्याला हे सांगायची गरज नव्हती. तरी योहानाने सांगितले. त्या बिचाऱ्या दुसऱ्या यहूदाने जन्मभर काय सोसले असेल, ह्याची त्याला जाणीव असावी. लूक त्याला याकोबाचा यहूदा म्हणतो. मत्तय आणि मार्क ह्यांच्या यादीत ते नावच येत नाही, त्या जागी तद्दय आहे. तो हाच असे पुष्कळ विद्वान धरतात. आपणही आपल्या मुलाचे नाव यहूदा ठेवत नाही, नाही का? ज्याने विश्वासघात केला नाही त्याचेही नाव गेले.

यहूदाच्या पत्रातही तसेच. लिहिणारा आधी आपण याकोबाचा भाऊ असे सांगून आपली ओळख पक्की करतो, आणि हनोखाचा उल्लेख करताना आदामापासून सातवा म्हणतो. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाचा मुलगाही हनोखच आहे, तो आदामापासून तिसरा. देवाबरोबर चालणारा तो नव्हे. (वर्गात मुलांना बोटांवर मोजायला लावा : आदाम, शेथ, अनोश, केनान, महललेल, यारेद, हनोख. मुलांना हे आवडते.) लामेखही दोन आहेत, एक खुनाची फुशारकी मारणारा, दुसरा नोहाचा बाप. आणि प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या तर तीन. पाचव्या अध्यायातील हनन्याने मंडळीपुढे पैशांविषयी लबाडी केली आणि तो मेला. नवव्या अध्यायातील हनन्या दिमिष्कात शौलाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि त्याला भाऊ म्हणतो. तिसरा मुख्य याजक, त्याने पौलाच्या तोंडात मारायला सांगितले. लबाडाची गोष्ट सांगून चारच अध्यायांनी लूक पुन्हा तेच नाव लिहितो आणि मागे दिमिष्कातील एक शिष्य एवढी ओळख जोडतो. मंडळीने त्या दिमिष्ककराला नावावरून दूर ठेवले असते तर शौलाचे डोळे कोणी उघडले असते?

मुलगा बापाच्या दुष्कर्माचा भार वाहणार नाही, हे यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायाचे सार. मग नावामुळे तरी दुसऱ्याचा भार कोणी का वाहावा? दुसऱ्यांचा दोष एकानेच अंगावर घेतला, आणि तो घोटाळ्याने नव्हे, जाणून घेतला. त्याला आपली प्रत्येकाची नावे ठाऊक होती. आपण जेव्हा नजरचुकीने एकाचे पाप दुसऱ्याच्या नावे मांडतो तेव्हा ते तारण नसते, ती खोटी साक्ष असते. आणि दहा आज्ञांमध्ये मेलेल्यांना वगळलेले नाही.

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. थोरले निर्दोष निघाले त्या दिवशी मला जो आनंद झाला तो सगळा शुद्ध नव्हता. चला, आमची शाखा स्वच्छ, ती दुसरी शाखा. असे माझ्या मनात आले. त्या शाखेतले लोक पुण्यात आहेत. त्यांना हे ठाऊकच नव्हते, कारण बोलणी आम्ही खात होतो. मग मी काय करणार होतो? त्यांच्या दारात जाऊन सांगणार होतो की हे घ्या, हे तुमचे?

पाळकसाहेबांशी बोललो. ते म्हणाले, "ठराव वाचलात, तशा पुढच्या वह्याही वाचल्या का?" वाचल्या नव्हत्या. मला हवे होते ते मिळाल्यावर मी वही मिटली होती. पुन्हा नगरला गेलो. प्रभुभोजन घेणाऱ्यांच्या यादीत १९३३, ३४, ३५ साली धाकट्यांचे नाव नाही. १९३६ च्या यादीत आहे. शेरा काही नाही, ठराव काही नाही, फक्त नाव, आपल्या जागी, बायकोच्या नावाच्या वर. पैसे फेडले, की आरोपच खोटा निघाला, की मंडळीने क्षमा केली, ते लिहिलेले नाही. पण त्यांना परत घेतले होते. मंडळीने परत घेतलेल्या माणसाला घराण्याने नव्वद वर्षे बाहेर उभे ठेवले, आणि तेही चुकीच्या माणसाला.

हक्कोसाच्या घराण्याचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात त्यांचीही नावे सापडली नव्हती. पण आठव्या अध्यायात मंदिराचे सोने-रुपे तोलून घेणारा याजक मरेमोथ बिन उरीया आहे, आणि नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात कोट बांधणारा मरेमोथ बिन उरीया बिन हक्कोस. तेच घराणे असेल तर ज्यांना वेगळे केले त्यांच्याच हाती पुढे मंदिराचे धन दिले गेले. मला ते तसेच असावे असे फार वाटते. पण आताच मी सांगितले आहे की नाव जुळले म्हणून चिठ्ठ्या टाचू नयेत, तेव्हा इथेही मी त्या वेगळ्याच ठेवतो.

पुण्याला मी पत्र लिहिले, १९३६ चे पान आधी सांगून. उत्तर आले, ते लोक येत्या नाताळात भेटायला येणार आहेत.

ज्या मंडळीपुढे मी ती गोष्ट सांगितली होती तिच्यापुढे उभा राहून ती मागे घेतली. त्या रविवारी लोक कमी होते, आणि ज्यांना पहिली गोष्ट आवडली होती त्यांच्यापैकी बरेच नव्हते. ही एक अडचण आहेच. चुकीची गोष्ट जितकी दूर जाते तितकी तिची दुरुस्ती जात नाही.

मग आत्येकडे गेलो. तिला आता नीट दिसत नाही. सगळे तिला वाचून दाखवले, अंगठ्याचेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने कपाटातून घरचे जुने शास्त्र काढायला लावले. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या अक्षरात घराण्याची नावे आहेत, सगळ्यात वर ते एक नाव, आणि त्याच्यापुढे कोणीतरी कधीतरी पेन्सिलीने फुली मारलेली. तिने विचारले, "खोडरबर आहे का रे तुझ्याकडे?" नव्हते. तिच्या नातवाच्या दप्तरातून घेतले. फुली पुसली, आणि तिने सांगितले त्याप्रमाणे मी नावामागे 'थोरले' लिहिले, आणि बाजूला एक रेघ काढून धाकट्यांचेही नाव लिहिले, जे त्या पानावर आजवर नव्हते.